वीज पडल्यानंतरचं देऊळ

दक्षिणेकडे निघालेली वैनगंगा चामोर्शी तालुक्यात मार्कंड्याला आली की तिला माहेर आठवतं की काय कोण जाणे, पण ती वळते आणि उत्तरेकडे तोंड करून वाहू लागते. या वळणावर, काठाला लागूनच, आवाराच्या भिंतीआड मार्कंडेश्वराची देवळं उभी आहेत. माघातलं ऊन दगडावर पडतं तेव्हा तो कोवळ्या हळदीचा रंग धरतो. पलीकडे कापणी होऊन गेलेल्या धानाच्या बांध्या असतात, त्यांच्या मागे रान, आणि रानात पेटलेला पळस.

ही देवळं साधारण अकराव्या-बाराव्या शतकाच्या आसपासची. भिंतींवर थरावर थर मूर्ती आहेत: देव, अप्सरा, गण. नजर देवांवरून सरकत वर जाते आणि हंसांच्या नि माकडांच्या ओळीवर थबकते. दगडात कोरलेल्या माकडाच्या खांद्याचा बाक इतका जिवंत आहे की कोरणाऱ्याने ते याच रानात, याच काठावर पाहिलं असणार, याबद्दल माझ्या मनात शंका उरत नाही. १८७० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम इथे आले आणि या समूहाच्या देखणेपणाने भारावून गेले. आजही लोक याला विदर्भाचं खजुराहो म्हणतात. मला ते पटत नाही. मार्कंड्याला दुसऱ्या गावाचं नाव कशाला हवं?

माझं मन मात्र कोरीव कामात नाही, आतल्या अंधारात अडकलं आहे.

केव्हातरी या देवळावर वीज पडली. शिखराचा वरचा भाग तुटून मंडपाच्या छतावर कोसळला आणि छत दुभंगलं. पुढे एका गोंड राजाने आत जाडजूड खांब उभे केले, ओबडधोबड कमानी बांधल्या आणि ते जखमी छत तोलून धरलं. लहानपणी आजीचं बोट धरून जत्रेत गेले होते, तेव्हा त्या खांबाला माझा हात लागला होता. आधीचे सगळे खांब घडीव, नक्षीदार. त्यांच्यावर बोट फिरवलं की वेलीमागून वेल लागायची. याच्यावर काहीच नव्हतं. खरखरीत, रुंद, माझ्या कवेत न मावणारा नुसता गार दगड.

"तो राजानं लावलेला टेकू आहे जी," शेजारची एक म्हातारी आजीला सांगत होती. तिच्या बोलण्यात सोयऱ्याच्या घरचा अभिमान होता.

जाणकारांना ही दुरुस्ती फारशी आवडलेली नाही. कलेच्या हिशेबाने त्यांचं बरोबरच असेल. पण चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, परकोटाचे दरवाजे उभे करणाऱ्या, राणी हिराईच्या हातून राजा बीरशहाची समाधी बांधून घेणाऱ्या त्या गोंड घराण्याने, आपण न बांधलेल्या देवळाला खांदा द्यावा, हे मला कोणत्याही नक्षीहून मोठं वाटतं. इंग्लंडमध्ये ईलीच्या नॉर्मन कॅथेड्रलचा मधला मनोरा १३२२ साली कोसळला, तेव्हा तिथल्या कारागिरांनी त्या जागी दगडी अष्टकोन आणि त्यावर लाकडाचा मनोरा उभारला आणि जग आजही तो मान वर करून बघतं. मार्कंड्याच्या खांबांकडे कोणी मान वर करून बघत नाही. कमानींच्या त्या ओझ्याखालून वाकून पुढे जायचं, गाभाऱ्याशी टेकायचं, बस्स.

आणि ज्या देवाशी टेकायचं, त्याची गोष्टही आधाराचीच. सोळा वर्षांचं आयुष्य घेऊन आलेल्या मार्कंडेयाने यमाचा पाश पडताना पिंडीला मिठी मारली. त्याच आवारात यमधर्माचंही देऊळ आहे! ज्याने पाश टाकला त्यालाही इथे हाकलून दिलेलं नाही.

महाशिवरात्रीला आजही चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावागावांतून, पलीकडच्या तेलंगणातूनही माणसं येतात. ओल्या लुगड्यांतल्या बाया वैनगंगेतून वर चढतात, पोरं वाळूत लोळतात, मराठी, गोंडी, तेलुगू एकमेकींत मिसळतात. अलीकडच्या वर्षांत पुरातत्त्व खात्याने देवळाचे दगड उतरवून पुन्हा बसवण्याचं काम हाती घेतलं. शिखर पुन्हा उभं राहावं असं इथल्या प्रत्येकाला वाटतं, तसं मलाही वाटतं. फक्त जे कोणी तो शेवटचा दगड चढवतील त्यांना एक विनंती आहे: आत, नक्षीच्या गर्दीत, त्या राजाच्या बिननक्षीच्या दगडालाही जागा ठेवा. एखादं लेकरू आजीचं बोट सोडून त्याला कवेत घेऊ बघेल.