काकांच्या हाताखाली

यंत्रातले मला जे काही कळते, ते प्रभादेवीच्या आमच्या चाळीत समोरच्या खोलीत राहणाऱ्या काकांचे देणे आहे. ते गिरणीत फिटर. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यांची पाळी सुटली ती कायमचीच. मग गॅलरीच्या टोकाला बाकडे टाकून ते शिलाई मशीन, मिक्सर, पाण्याचे पंप दुरुस्त करू लागले. मी शाळकरी पोर. रॉकेलच्या डब्यात नटबोल्ट धुऊन द्यायचे, एवढेच माझे काम.

दुरुस्ती म्हणजे खोलणे, अशी माझी समजूत. वस्तू आली की मी पाना उचलायचो. काका हात धरायचे. "आधी हाताक काय लागता ता सांग." चाक हाताने फिरवायचे, कुठे अडते, कुठे ढिले पडते, वास कसला येतो ते बोलून दाखवायचे. पाना त्यानंतर. घरात पैशांची एवढी ओढाताण असताना "ह्याच्यावर पैसे घालू नको" असे ते गिऱ्हाइकाला सरळ सांगत. त्याची किंमत मला तेव्हा कळली नाही. पुढे आयटीआय करून नोकरीसाठी गेलो. तिथे चाचणीला पंप पुढे ठेवला, तेव्हा मी आधी शाफ्ट हाताने फिरवून पाहिला. ती नोकरी मी काकांनीच दिली असे मानतो.

२०१८ च्या पावसाळ्यात एल्फिन्स्टन रोड स्टेशनचे नाव प्रभादेवी झाले. त्याच सुमारास मामेभाऊ कुडाळहून मामांची जुनी चेनसॉ घेऊन आला. मामा गेले होते. "दादा, चालू होत असेल तर बघ, नाहीतर भंगारात घालतो." साठच्या दशकातली, पेट्रोलवरची. असल्या मशीनला मी कधी हात लावला नव्हता. काका तेव्हा ऐंशीच्या घरात. मशीन उचलली आणि त्यांच्याच बाकड्यावर नेऊन ठेवली.

त्यांनी स्टार्टरची मूठ धरून ती अधांतरी लटकवायला लावली. कॉम्प्रेशन गेले असेल तर दोरी सरसर सुटून मशीन खाली येते. ही थांबत थांबत उतरली. मग सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्चने पिस्टन पाहिला. टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात. ते कमी पडले किंवा कडक झालेल्या सीलमधून हवा शिरली, की पिस्टनवर उभे ओरखडे उठतात. इथे पिस्टन स्वच्छ होता. इग्निशनचे पॉइंट काळवंडलेले, कार्ब्युरेटरचा डायफ्रॅम पापडासारखा कडक, पेट्रोलची नळी हात लावताच तुटली. पण हे सगळे बदलता येण्याजोगे.

काकांचे बोट केसिंगवर थांबले. ते मॅग्नेशियमचे होते. १९२६ साली जर्मनीत आंद्रेआस स्टिल यांनी विजेवरची चेनसॉ बनवली, ती ४८ किलोची होती, दोघांनी धरायची. एकट्याला पेलावी म्हणून पुढे केसिंग मॅग्नेशियमचे होऊ लागले, आणि मॅग्नेशियमला आपली खारी हवा सोसत नाही. पात्याच्या बोल्टांभोवती पांढरी भुकटी साचली होती. काकांनी ती खिळ्याने टोकरली. खाली धातू शाबूत होता.

"म्हणजे घालायचे पैसे," मी म्हणालो.

"चालवतलो कोण?"

मामेभाऊ. त्याने आयुष्यात कोयत्यापलीकडे काही चालवले नव्हते. त्या मशीनला चेन ब्रेक नव्हता. पात्याचे टोक फांदीला आपटले की चेनसॉ उसळून तोंडावर येते. ब्रेकवाल्या मशीनमध्ये तेवढ्यात पुढची दांडी ढकलली जाऊन साखळी थांबते. इतकी वर्षे मेंटेनन्समध्ये काढून मी यंत्राची तब्येत तेवढी पाहत आलो होतो. ते कुणाच्या हाती जाणार, हे आधी काकांना सुचले.

मामेभावाने आपल्या बागेसाठी ब्रेकवाली नवी घेतली. जुनीचे पाते आणि साखळी आम्ही कायमची उतरवली, आणि मामांची आठवण म्हणून इंजिन तेवढे चालू केले. काकांना मी मजुरी देऊ केली. त्यांनी नळीचे पैसे काढून घेतले आणि उरलेल्या नोटा माझ्या खिशात कोंबल्या.