पानांचे घर वाचावे काय?

शाळेच्या स्मरणिकेत लेख लिहावयाचा म्हणजे गुरुजनांच्या आठवणी लिहाव्यात, अशी अपेक्षा असते. आम्ही मात्र एका इंग्रजी भयकादंबरीविषयी लिहिणार आहोत. सक्करदऱ्यात स्थायिक झालेले आम्ही काही माजी विद्यार्थी महिन्यातील एका रविवारी एकत्र बसून पुस्तक वाचतो. आमच्यातील सर्वांत धाकट्याने एकदा मार्क झेड. डॅनिएलेव्स्की यांची ‘हाउस ऑफ लीव्हज’ ही २००० साली प्रसिद्ध झालेली कादंबरी सर्वांपुढे ठेवली. ती वाचावी की नाही, यावर जेवढा वाद झाला तेवढा आमच्या बैठकीत दुसऱ्या कोणत्याही पुस्तकावर झाला नसेल.

आमच्यातील ज्येष्ठांनी आक्षेप घेतला. “आपण दसऱ्याला दीक्षाभूमीवरच्या ठेल्यांवरून एसटीच्या भाड्यातले पैसे वाचवून पुस्तके घेतली. वाचन आपल्याला फुकट मिळालेले नाही. मग सातशे पाने भुताटकीवर का घालवावीत?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. आजही नाही.

पुस्तक उघडताच वाचक बावरतो. ‘घर’ या अर्थाचा शब्द जेथे येईल तेथे तो निळ्या शाईत छापलेला आहे. तळटीपा मूळ मजकुराला गिळू पाहतात. काही ओळी आडव्या, काही उलट्या, तर काही आरशात पाहून वाचाव्या लागतील अशा आहेत. एखाद्या पानावर चारदोनच शब्द असतात आणि उरलेले पान कोरे असते. आमच्यातील दोघांनी पुस्तक तेथेच मिटले. अक्षरांची कसरत आपल्या भाषेलाही नवी नाही. ओठ न मिटता उच्चारता येतील अशीच अक्षरे योजून मोरोपंतांनी निरोष्ठ रामायण रचले. पण कसरतीचे कौतुक वेगळे आणि पुस्तकाची गरज वेगळी. म्हणून आम्ही एकच कसोटी ठरविली: ही मांडणी काढून टाकली तर काही हरवते काय?

कथा अशी आहे. विल नेव्हिडसन हा छायाचित्रकार संसार सावरावा म्हणून जोडीदार कॅरन आणि दोन मुलांसह व्हर्जिनियातील एका घरात राहावयास येतो. घराचे माप घेतो तो आतील रुंदी बाहेरच्या रुंदीपेक्षा पाव इंच अधिक भरते. पुढे भिंतीत एक दार उगवते आणि त्यामागे अंधाराचे, थंडगार, सतत बदलणारे दालनांमागून दालन लागते. आत भूत कोठेच दिसत नाही. केवळ एक गुरगुर ऐकू येते. माणसे अरुंद वाटेत अडकतात तेव्हा मजकूरही आक्रसतो. ती जीव घेऊन पळू लागतात तेव्हा पानावर मोजकेच शब्द उरतात आणि वाचकाचा हातही पाने पळवू लागतो. येथे मांडणी हेच कथन आहे. साध्या छपाईत ही धाप लागली नसती.

या पाव इंचाने आम्हांला वसतिगृहाची आठवण करून दिली. दिवे मालवल्यावर थोरली मुले अंगणातल्या चिंचेची गोष्ट सांगत. नारायण धारपांची पाने सुटलेली पुस्तके उशाखालून उशाखाली फिरत. एका रात्री अधीक्षकांनी आम्हांला पकडले. ते रागावले नाहीत. बॅटरी हाती देऊन म्हणाले, “जा, चिंचेखाली काय आहे ते पाहून या आणि मला सांगा.” आम्ही थरथरत गेलो. खाली चिंचोके होते. पाहून घ्यावे, मोजून घ्यावे, ही शिकवण त्या रात्रीची. आणि नेव्हिडसन तर मोजणाराच माणूस आहे. फीत खोटी नाही, तरी घर जुळत नाही. भुताला न मानणाऱ्यालाही हे पुस्तक येथे गाठते.

तरीही आम्ही पुस्तक शेवटास नेले ते दुसऱ्याच कारणाने. नेव्हिडसनची हकीकत झँपानो नावाच्या एका अंध वृद्धाने इतरांकडून लिहवून घेतलेली आहे. त्याच्या मृत्यूनंतर ते कागद जॉनी ट्रूअंट या तरुणाच्या हाती लागतात आणि तो त्यांत आपली भर घालतो. पुस्तकाच्या अखेरीस त्याच्या आईची पत्रे आहेत. त्यांतील एक सांकेतिक आहे. ही पत्रे वाचून झाली त्या रविवारी आमच्यातील एकाने आपल्या जुन्या पेटीतील आंतर्देशीय पत्रांची जुडी आणली. त्याच्या आईला लिहिता येत नसे. शेजारचा मुलगा लिही. प्रत्येक पत्र “सप्रेम जयभीम, इकडील सर्व ठीक” असे सुरू होई. वडील अंथरुणाला खिळले होते त्या वर्षीच्या पत्रांतही “सर्व ठीक” हेच होते. त्यांतील आईचे शब्द कोणते, त्या मुलाचे कोणते आणि परीक्षा जवळ आली म्हणून गाळलेले कोणते, हे विचारावयास आता आई नाही. आम्ही सर्व गप्प झालो. एकाचे सांगणे दुसऱ्याच्या हातून उतरते तेव्हा मध्ये किती काळोख राहतो, हे आम्हांला त्या जुडीने दाखविले. पण ती जुडी बाहेर निघाली ती या पुस्तकामुळे.

दोषही सांगितले पाहिजेत. जॉनीच्या टीपांत बढाया आणि अश्लीलता पुष्कळ आहे, म्हणून शाळेच्या ग्रंथालयास आम्ही हे पुस्तक देणार नाही. नावांच्या लांबलचक याद्या ओलांडून पुढे गेल्यास पाप नाही. इंग्रजी कादंबऱ्यांची सवय नसलेल्याने आरंभ येथून करू नये, आणि मोबाइलच्या पडद्यावर तर मुळीच वाचू नये. पुस्तक हातात फिरवावे लागते. एवढे सांभाळून सवडीने, शक्य तर चौघांनी मिळून, ते अवश्य वाचावे.

आपल्या भाषेत झाडाचेही पान आणि पुस्तकाचेही पानच; म्हणून या कादंबरीला आम्ही आपसांत ‘पानांचे घर’ म्हणू लागलो. तीत एका ठिकाणी नेव्हिडसन काळोखात एकटा बसून काड्यांच्या उजेडात पुस्तक वाचतो. काड्या संपत येतात तसे वाचून झालेले पान पेटवून त्याच्या उजेडात तो पुढचे वाचतो. अखेर काळोखाला भिणारी कॅरनच आत जाऊन त्याला बाहेर आणते.

त्या पानापाशी आमचे ज्येष्ठ बराच वेळ थांबले. पुस्तक मिटून ते म्हणाले, “मुलांना नका देऊ. मला मात्र आणखी महिनाभर राहू द्या.”