बाळापूरचा नाकतोडा

नांदेड-हिंगोली रस्त्यावर आखाडा बाळापूरला उतरलो, ते आत्याच्या शेतात नाकतोडा बघायला. "पंखच न्हाईत त्याला, नुसता टणाटणा उड्या मारतोय," असा तिचा फोन होता. सोयाबीन-हळदीच्या या मुलखात तिने भाकरीपुरतीच ज्वारी पेरली होती; तीच पाने कुरतडलेली.

आम्हाला दख्खनचा बिनपंखी नाकतोडा आठवला. ज्वारीचा जुना शत्रू. स्पेनच्या बोलिव्हार यांनी १९१० साली म्हैसूरचे कीटकशास्त्रज्ञ कोलमन यांच्यावरून त्याचे नाव कोलेमानिया ठेवले. डोके उतरते, निमुळते, मिशा आखूड. मादी मातीत अंडी घालते, पावसाळा लागला की पिल्ले निघतात, वर्षाला पिढी एकच. उडता येत नाही, म्हणून जिथे जन्मला त्याच शिवारात तो राहतो. खोल नांगरटीने अंडी वर आली की उन्हाने वाळतात, पाखरे वेचतात.

बांधावरचा एक आत्याने अलगद ओंजळीत धरला. पाठीवर दोन्ही बाजूंना नखाएवढ्या चिपा! हे पिल्लू तर नव्हे? पिल्लाला कोणत्याच जातीत पंख नसतात, इथेच सगळे फसतात. पूर्ण वाढूनही ज्याला उडता येत नाही, तोच बिनपंखी. आत्या तर फवारणीचे पैसे काढून बसलेली.

बरणीत पाला घालून, तोंडाला फडके बांधून तो ठेवला. बाराव्या दिवशी फोन आला.

"कात टाकली त्यानं. फडकं सोडलं तर भुर्रकन उडाला की रे! फवारणीचं राहू दे आता."

ज्वारी मात्र चार तास गेलीच.