अंधाराचे तोळे

सोनं नेलं. अंधार ठेवला.

तोळ्यांत मोजता आला असता, तर तोही नेला असता. पण त्याला ना कस, ना गिऱ्हाईक. म्हणून चॅम्पियन रीफच्या तळाशी, जमिनीखाली तीन किलोमीटरांहून खोल, जिथल्या खडकाला हात लावला तर चटका बसे, तिथे तो होता तसा पडून आहे. कोलारच्या खाणी, तुझी एवढीच ठेव उरली. उभा, खोल, कुणालाही नको असलेला अंधार.

मी वर उभी आहे. उन्हात.

शाफ्टवरचे लोखंडी मनोरे अजून आभाळ धरून आहेत. माथ्यावरची चाकं थांबलेली. त्यांच्या आऱ्यांच्या सावल्या खाली गवतावर पडतात आणि सूर्य नेईल तेवढ्याच सरकतात. एके काळी त्या गरगरत असतील. उन्हालाही तेव्हा इथे घाई असेल.

२८ फेब्रुवारी २००१. चाकं थांबली त्या दिवसाची ही तारीख. त्याआधी एकशेवीस वर्षं.

का थांबली, ते मला विचारायचं नाही. गेलेल्या माणसाच्या उशाशी बसून कुणी हिशेब मांडत नाही.

मला फक्त तो उतार आठवून पाहायचा आहे, जो मी कधी उतरले नाही: भोंगा होतो, लायनींतल्या तट्ट्याच्या भिंतींआडून माणसं बाहेर पडतात, अर्काटच्या आणि चित्तूरच्या कोरड्या शिवारांतून कधीतरी पायी आलेल्यांचे मुलगे, नातू, पणतू, गावाने ज्यांना वेशीबाहेर ठेवलं आणि तू ज्यांना थेट पोटात घेतलंस ते सगळे, डब्यात भात, डोक्यावर दिवा, केजमध्ये खांद्याला खांदा लागतो, दार लागतं, आणि ऊन आधी पायांवरून, मग गुडघ्यांवरून, मग छातीवरून, शेवटी कपाळावरून निसटून वर राहतं, दिवस वर राहतो, बायकोची हाक वर राहते, पाऊस वर राहतो, आणि खाली खाली खाली जात राहतो तो फक्त एकमेकांचा श्वास.

मग गडद.

आणि त्या गडदात एकेक दिवा. माणसाच्या कपाळाएवढा उजेड.

*

तू त्याच्याही आधी होतीस. शहाजीराजांच्या जहागिरीत हा मुलूख होता. मराठी घोडी या माळावरून दौडली असतील, चारा शोधत थांबली असतील. खाली तू निजलेली. टापांचा आवाज तुझ्यापर्यंत पोचला का गं?

मग १८७१ साली मायकेल लॅव्हेल बैलगाडीत बसून आला. लढाई संपलेला एक आयरिश शिपाई, जुन्या कागदांतली तुझी वार्ता वाचून निघालेला. चाक माळावर करकरलं असेल. त्यानंतर तुला झोप मिळाली नाही.

बंगले आले. क्लब आला. चर्चची घंटा आली. थंड हवेत टोप्या घातलेल्या साहेबांना इथे त्यांची विलायत भेटली. त्यांच्या बागांतले गुलाब गेले. कुंपणं राहिली.

आणि दिवे आले. १९०२ साली कावेरी तुझ्या दारात उजेड घेऊन आली. शिवनसमुद्रचं कोसळतं पाणी तारांवरून चालत, दीडशे किलोमीटरांच्या आसपासची वाट तुडवत, तुझ्यापाशी येऊन लखलखलं. बेंगळुरूच्या रस्त्यांना त्यासाठी अजून तीन वर्षं थांबायचं होतं. आजची राजधानी तेव्हा काळोखात, आणि तू उजळलेली.

आजकाल पहाटे मारिकुप्पमच्या फलाटावर माणसं अंधारातच उभी असतात. त्याच बेंगळुरूच्या गाडीसाठी. पूर्वी हे गाव सकाळी खाली जायचं, आता आडवं जातं. रात्री परत येतं. दमलेलं, न बोलणारं. खिडकीतून तुझे मनोरे मागे सरतात, आणि डब्यातलं कुणी मान वर करत नाही.

*

तुझा आवाज मात्र ऐकलेले लोक अजून आहेत.

कधी कधी तुझं अंग आतून कडाडायचं. रॉकबर्स्ट. कोंडलेला खडक फुटायचा, आणि वर, उन्हातल्या घरात, मांडणीवरची भांडी एकदम थरथरायची. तेवढंच. एक थरथर. मग बाई हातातलं काम टाकून शाफ्टकडे धावायची. तिच्यामागे दुसरी. तिसरी. कुणाची पाळी आहे, हे प्रत्येकीला पाठ असे.

भांडी आता वाजत नाहीत. कान मात्र तिकडेच लागलेले. म्हातारपण आलं तरी.

*

आणि तुझी शांतता. तिच्याबद्दल काय बोलावं.

मुंबईहून, कुलाब्याच्या समुद्राकाठच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून काही माणसं ती शोधत तुझ्याकडे आली होती. त्यांना सोनं नको होतं. आभाळातून अखंड झरणारे कण, आपल्या डोक्यावर, हातांवर, झोपलेल्या लेकरावर रात्रंदिवस पडणारा तो न दिसणारा पाऊस, जमिनीत किती खोल मुरतो, हे त्यांना पाहायचं होतं. ती माणसं यंत्रं घेऊन उतरत गेली. पाऊस विरळ होत गेला. आणखी खाली. अगदी तळाकडे आठवडे गेले, तरी एकही ठोका उमटला नाही.

आभाळ जिथे पोचत नाही, अशी जागा तू त्यांना दिलीस.

मग त्याच निःशब्दात, १९६५ साली, ओसाका आणि डरहॅमहून आलेल्या सोबत्यांसह बसलेल्या त्या माणसांच्या यंत्रांवर न्यूट्रिनोच्या खुणा उमटल्या: वातावरणात जन्मलेला, जवळजवळ वजनच नसलेला, डोंगर, समुद्र, माणूस, सोनं, कशालाही न अडखळता आरपार जाणारा एक कण, ज्याला काही घ्यायचं नसतं आणि काही ठेवायचं नसतं, तो क्वचित, अगदी क्वचित, तुझ्या खडकाशी थबकला, आणि जगातल्या सगळ्यात जड लोभासाठी खणलेल्या विवरात जगातली सगळ्यात हलकी चाहूल ऐकू आली.

शेजारच्या बोगद्यात तेव्हा कुणीतरी सुरुंगासाठी भोकं पाडत असेल. घाम पुसून पुन्हा भोकं पाडत असेल. त्याच्याही छातीतून ते कण गेलेच असतील. त्याच्या छातीत थांबली ती मात्र दगडाची धूळ.

*

आता तिथे यंत्रं नाहीत. सुरुंग नाही. दिवा नाही. पंप थांबले तसं पाणी चढत गेलं. कुणी न पाहिलेलं, चांदणं न पडलेलं पाणी.

आणि वर, राखाडी टेकड्या. दगड दळला, सायनाइडनं धुतला, सोनं काढून घेतलं. उरलेला भुगा ढिगाऱ्यांवर ओतला. त्यांना इथे डंप म्हणतात. पावसाच्या पाण्यानं त्यांच्या अंगावर घळी पडल्यात. या देशात सोन्याचा धूर निघायचा, असं ऐकत आलो आपण. इथे वारा सुटला की धूळ निघते. वाळत घातलेल्या लुगड्यांवर बसते. मुलांच्या पापण्यांवर बसते.

तुझ्या नावाचा सिनेमा साऱ्या देशानं पाहिला. त्यात तू नव्हतीस.

*

सुमारे आठशे टन सोनं दिलंस म्हणतात. कुठे गेलं? कुठेच नाही गेलं. सोनं मरत नाही. वितळतं, रूप बदलतं, लग्नात मिरवतं, अडचणीत गहाण पडतं, सुटून परत येतं. जगात कुठे ना कुठे ते सगळंच्या सगळं आहे, आणि त्यातल्या एकाही कणाला तुझं नाव आठवत नाही.

माझ्या हातात आईच्या दोन बांगड्या आहेत. त्यांत तू आहेस का? कुठलाही सोनार सांगू शकणार नाही. शेवटी शेवटी टनभर दगड फोडावा, तेव्हा तुझ्यातून जेमतेम तीनेक ग्रॅम निघायचे. म्हणजे या दोन बांगड्यांसाठी आठ-दहा टन काळोख फोडावा लागला असता. कुणाचे तरी हात लागले असते. त्यांचा हिशेब पावतीवर नसतो. घट धरतात ती सोन्याची.

म्हणून तुझ्यासाठी शोक करायचा, तर सोन्याचा करणार नाही. ते हरवलेलंच नाही. बांगडी मोडली की तिची पाटली होते, पाटली मोडली की मुलीच्या गळ्यातली साखळी. शोक करीन तो कपाळाएवढा उजेड घेऊन उतरलेल्यांचा. मोडली ती माणसं. आणि माणूस आटवून पुन्हा घडवता येत नाही.