दिवसाउजेडीचे जेवण

विवाहाच्या चाळिसाव्या वाढदिवसानिमित्त गेल्या जूनमध्ये आम्ही उभयता करडीहून फ्रान्समधील नीस या सागरतीरावरील नगरीत चार दिवस जाऊन आलो. सौभाग्यवतींचा चौविहाराचा नियम माहेरापासूनचा. फ्रेंच भोजनात हिचा निभाव कसा लागावा, ही मला चिंता. तेथील प्रसिद्ध रातातुईत वांगी, कांदा, लसूण. सॅलडमध्ये मासे व अंडी. अनेक चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट.

अखेर जुन्या वस्तीत ‘सोका’ मिळाला. चण्याचे पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. तांब्याच्या मोठ्या परातीत घालून लाकडाच्या भट्टीत भाजलेला. पहिला घास घेताच ही म्हणाली, “अहो, हे तर आपले बेसनाचे धिरडे!”

घड्याळात साडेआठ झाले होते, तरी भिंतींवर ऊन होते. तेथे जूनमध्ये सूर्यास्त रात्री सव्वानऊच्या सुमारास होतो.

बँकेच्या नोकरीत मला उशिरा जेवण्याची सवय जडली. निवृत्तीनंतरही ती सुटली नाही. इतकी वर्षे हिने सायंकाळचे पान एकटीनेच वाढून घेतले. माझी वेळ आणि हिचा नियम त्या दिवशी प्रथमच जुळले, तेही सूर्याच्या कृपेने!

करडीचा सूर्य माझ्यासाठी थांबणार नाही. म्हणून परतल्यापासून मीच दिवे लागण्यापूर्वी पानावर बसतो.