लोखंडाचा रंग

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत, पेन्सिल्व्हेनियात असतो. गेल्या दिवाळीत तो वेरुळला आला तेव्हा त्याच्या डोक्यात फराळापेक्षा बंदूकच जास्त होती. तिकडे त्याला नेमबाजीचा नाद लागला आहे आणि आता स्वतःच्या हौसेची रायफल बांधून घ्यायची होती. आपल्याकडे थ्री-नॉट-थ्री साध्या माणसाला बाळगताच येत नाही. परवाना मिळालाच तर ३१५ बोअरची. मोडीत निघालेली लष्करी रायफल घ्यायची आणि तिच्यातून नवी घडवायची, हा शौक तिकडचाच.

नरकचतुर्दशीची अंघोळ आटोपून आम्ही ओसरीवर बसलो होतो. आबा अडकित्त्याने सुपारी कातरत होते. धाकट्याने मला सारे समजावून दिले. नळी नवी बसवतात, दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा करवून घेतात. जुन्यातला ठेवायचा तो मधला पोलादी सांगाडा आणि त्यात मागेपुढे सरकणारा बोल्ट. काडतूस फुटताना सगळा जोर पेलायचा तो यांनीच, आणि नेम धरणाऱ्याचा डोळा तिथून जेमतेम वीतभर अंतरावर!

मोबाइलवर त्याने दोन सांगाडे दाखवले. एक चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो गावचा, माउझरच्या १८९८ च्या धाटणीचा. बोल्टाला पुढे दोन खुंट्या, त्या दगा देतील म्हणून मागे तिसरी. पण रूप काळवंडलेले, अंगभर ओरखडे. दुसरा अमेरिकेचाच, १९०३ च्या नमुन्याचा स्प्रिंगफील्ड. पहिल्या महायुद्धाच्या आधीचा, झळझळीत आणि वर स्वस्त. धाकट्याचे मन याच्यावर बसले होते. दुकानदाराला त्याने इसारही देऊन टाकला होता.

“एवढंच आहे दादा,” तो जरा चाचरत म्हणाला, “याचा नंबर आठ लाखांच्या आतला आहे.”

मला काही उमजले नाही. मग त्याने सांगितले ते असे. त्या काळी स्प्रिंगफील्डच्या कारखान्यात पोलाद किती तापले हे कारागीर नुसत्या नजरेने, रंगावरून ठरवीत. लख्ख उन्हाच्या दिवशी तापलेले लोखंड असते त्यापेक्षा गार दिसे. म्हणून ते आणखी तापवले जाई आणि पोलाद जळून ठिसूळ होई. १९१७ साली असे काही सांगाडे फुटले, तेव्हा चौकशी झाली. १९१८ मध्ये तापमान मोजायची उपकरणे आली, पद्धत बदलली. हा बदल साधारण आठ लाखाव्या नंबरापासूनचा.

“सगळेच ठिसूळ नाहीत,” धाकटा म्हणाला. “कितीतरी लोक अजून वापरतात.”

अडकित्ता थांबला होता.

“उन्हात लोखंड तापवतेत व्हय?” आबा म्हणाले.

आबा पाथरवट. पाटे-वरवंटे, जाती यांवर त्यांनी आमची शिक्षणे केली. छिन्नीची धार गेली की ती भट्टीत घालून, ठोकून तिला पाणी द्यायचे, हे काम ते पहाटे किंवा घरामागच्या अंधाऱ्या छपरीतच करीत. आम्हाला वाटे, त्यांची लहर. (कैलास लेणे वरून खाली कोरत आणले हे येणाऱ्याजाणाऱ्याला आम्ही सगळेच ऐकवतो, त्या छिन्न्यांना पाणी कोणी दिले, हे कोणी विचारत नाही.)

आबांचा डावा डोळा आमच्या जन्माआधीच गेलेला. दगडाची कपची लागली, असे आई सांगे.

“दगड नव्हता तो,” आबा म्हणाले. “छिन्नीचाच तुकडा. जात्याची घाई होती, भर दुपारी अंगणात भट्टी लावली. रंग दिसंना, म्हणून अजून फुंकलं. पाणी मीच दिलं होतं.”

ओसरीवर कोणी बोलले नाही. आतून चकल्या तळल्याचा आवाज तेवढा येत होता.

“परत तापवून पाणी दिलं तर?” मीच काहीतरी विचारायचे म्हणून विचारले.

“जळलेलं लोखंड सुधरत नाही,” दोघेही एकदमच म्हणाले.

रात्री, तिकडे सकाळ झाल्यावर, धाकट्याने दुकानदाराला फोन लावला. इसार बुडाला तर बुडाला, ब्रनोचा तो काळवंडलेला ठेवा म्हणाला. आबा अंथरुणावर उठून बसले होते.

“त्याला सांग,” ते म्हणाले, “ते चमकतं हाय ते दुसऱ्या कुणाला बार उडवायला विकू नको म्हणावं. भिंतीला टांगायला दे.”

धाकट्याने इंग्रजीतून तसे सांगितले की नाही, मला नक्की कळले नाही. आबांनी दोनदा विचारले, तेव्हा त्याने पुन्हा फोन लावला.