वहिनी, दोष तुपाचा नव्हता

आमच्या घराण्यातले पुरुष पन्नाशी पाहत नाहीत, असं गावाकडे म्हणायचे. आजोबा, मग वडील, मग दादा. दादा गेला तेव्हा ४३ वर्षांचा होता. दिवसकार्याला आलेली मंडळी हळूच म्हणाली, "भातावर तूप केवढं वाढायच्या बायकोबाई!" वहिनींनी ते ऐकलं. उत्तर दिलं नाही, पण त्यानंतर त्यांनी घरात कधी लोणी कढवलं नाही.

गेल्या वर्षी पुतण्याच्या छातीत दुखलं. वय ४१, अंगाने काटकुळा, सिगरेट नाही की दारू नाही. कोलेस्टेरॉल मात्र ३६०! डॉक्टरांनी टाचेमागची शीर दाबून पाहिली. ती जाड झाली होती. लगेच विचारलं, "वडील कशाने गेले?" पुढे जनुकाची तपासणी झाली आणि दोष सापडला तो एलडीएलआर नावाच्या जनुकात.

मी बी. ए. मराठीचा माणूस, पण हे समजून घ्यायचंच असं ठरवलं. समजलं ते असं. रक्तातलं कोलेस्टेरॉल एलडीएल नावाच्या कणांतून फिरतं. पेशीच्या, विशेषतः यकृताच्या पेशीच्या, पृष्ठभागावर हे कण पकडणारे रिसेप्टर असतात. रिसेप्टर कण पकडतो, आत नेऊन सोडतो आणि पुन्हा वर येतो. अशी एक फेरी साधारण १० मिनिटांची! हा रिसेप्टर कसा घडवायचा ते एलडीएलआर हे जनुक सांगतं. आपल्याकडे त्याच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. एक बिघडली की निम्मेच रिसेप्टर कामाला उरतात आणि कोलेस्टेरॉल जन्मापासून रक्तात साचत राहतं. जगात सुमारे २५० माणसांत एकाला हे असतं.

अमेरिकेत डॅलसला मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी १९७०च्या दशकात अशा रुग्णांच्या त्वचेच्या पेशी वाढवून हे शोधलं. १९८५ साली त्यांना नोबेल मिळालं. तिथलीच, टेक्ससची, स्टॉर्मी जोन्स ही सहा वर्षांची मुलगी. तिच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या. १९८४ साली पिट्सबर्गला तिला नवं हृदय बसवलं आणि सोबत नवं यकृतही. यकृत का? तर रिसेप्टर तिथे! तिचं कोलेस्टेरॉल खरोखरच खाली आलं. पुढे १९९० साली ती गेली, पण दोष कुठे आहे ते तिच्यामुळे लख्ख दिसलं. सहा वर्षांच्या पोरीने असं किती तूप खाल्लं असणार?

वहिनींचं कोलेस्टेरॉल आज पंच्याहत्तरीतही व्यवस्थित आहे. म्हणजे पुतण्याकडे ही प्रत दादाकडूनच आली, आणि दादाकडे बहुधा वडिलांकडून. दर अपत्याच्या वेळी छापा-काटा होतो, निम्मी शक्यता. एकाच आईबापाचे आम्ही दोघे भाऊ. माझं नाणं सुलटं पडलं, दादाचं उलटं. यात कोणाचं पुण्य नाही आणि कोणाचा स्वयंपाकही नाही. तूप बेतानेच खावं, हे खरंच. पण या दोषात नुसत्या पथ्याने भागत नाही.

आज यावर इलाज आहे. स्टॅटिनच्या गोळीने यकृतात कोलेस्टेरॉल कमी बनतं, मग यकृत ते रक्तातून ओढायला जास्त रिसेप्टर वर आणतं. चांगली उरलेली प्रत दुप्पट राबते म्हणा ना! पुतण्याची गोळी सुरू आहे, आकडा उतरला आहे.

आता घरच्यांसाठी. पुण्यातले, नाशिकचे, अमेरिकेतले, दादाच्या आणि आत्याच्या बाजूचे सगळे, एकदा रक्त तपासून घ्या. मुलांचंही. पुतण्याच्या धाकटीचं परवाच तपासलं, रिपोर्ट अजून यायचा आहे.

आणि वहिनी, हे तुम्हाला सूनबाई वाचून दाखवेल. दिवाळीला येतोय. वरणभातावर चमचाभर तूप तुमच्या हातचं वाढा.